सोनीआत्याचा धवला आणि आमची समिती

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी लेखाचं नावसुद्धा तयार ठेवलं होतं. 'बँडच्या टेम्पोतून अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत.' मुरबाडच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट फुंकणारा माणूस कलावंतांना अनुदान देणाऱ्या सरकारी समितीचा अध्यक्ष कसा झाला, हे वाचकांना आवडेल, असं त्यांचं म्हणणं. आवडेलही. पण मी ते लिहिणार नाही. त्यात सांगण्यासारखं एवढंच आहे की मी वीसेक वर्षं लग्नांत वाजवलं, मग आश्रमशाळेत पोरांना पेटी शिकवली, मग कुणाला तरी 'राजकारणात नसलेला खरा कलावंत' हवा होता म्हणून मला समितीवर घेतलं. पुढे आधीच्या अध्यक्षांना मोठी खुर्ची मिळाली आणि त्यांची लहान खुर्ची माझ्याकडे आली. आता मी तिच्यावर नाही, लोक मात्र अजून मला अध्यक्षच म्हणतात. मला राग आहे तो त्या खुर्चीवर बसून आम्ही जे केलं त्याचा. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

समितीचं काम बाहेरच्याला कळेल असं सांगतो. कलावंत अर्ज करतात. अर्जासोबत पुरावे लागतात: कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं, मंचावरचा फोटो. मग एक दिवस सादरीकरण. प्रत्येकाला दहा मिनिटं. आम्ही सदस्य टेबलामागे बसायचो, प्रत्येकापुढे छापील गुणपत्रक. सूर, ताल, वेशभूषा, सादरीकरण, सामाजिक संदेश. सामाजिक संदेशाला वेगळे गुण होते. हे गुणपत्रक ज्याने बनवलं त्याने आयुष्यात एक तरी गाणं मांडवात नाहीतर शेताच्या बांधावर बसून ऐकलंय का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. मी तो विचारला नाही. नवा होतो. चहा आला, तो प्यायलो.

पुराव्यांची तर कमाल होती. कसाऱ्याचे एक ढोलकीवाले यायचे, रेल्वेच्या रुळांवर काम करून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे कार्यक्रमपत्रिका नव्हती, म्हणून त्यांनी दहा फुटी फ्लेक्सच काखेत मारून आणला. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. सगळ्या शुभेच्छुकांच्या फोटोंखाली बारीक अक्षरात त्यांचं नाव आणि पुढे 'ढोलकी'. सचिव म्हणाले, "काका, हे फाइलला कसं लावणार?" काका शांतपणे म्हणाले, "मंग फाइल मोठी घ्या ना साहेब." आम्ही सगळे हसलो. हसून झाल्यावर अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला ठेवला. तेव्हा मीही हसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

आता सोनीआत्या.

वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत वळलं की तिचं गाव. माझ्या वडिलांच्या गावची लेक, म्हणून आत्या. रक्ताचं नातं काही नाही. ती धवलारीण. आमच्याकडच्या लग्नांत धवलारीण म्हणजे काय, हे आता आमच्याच नव्या पोरांना सांगावं लागतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नात जे जे घडतं, त्या प्रत्येकाचं गाणं असतं, ते धवले. ती गायला बसते तेव्हा तिच्यापुढे सुपात तांदूळ, बाजूला दिवा आणि समोर नवरा-नवरी. गाण्यात ती नवऱ्याचं नाव घेते, नवरीचं घेते, दोघांच्या आई-बापांचं, मामाचं, गावाचं घेते. चाल जुनी, नावं त्या दिवसाची. एक ओळ ती उचलते आणि तिच्या शेजारी बसलेली दुसरी बाई ती ओळ मागून धरते आणि पुढे नेते, म्हणजे पहिलीला श्वास घ्यायला सवड मिळते. भटजी असो नसो, धवला झाला नाही तर लग्न लागलं असं जुन्या बायका मानत नसत.

मला हे माहीत, कारण मी तिथेच असायचो. धवला सुरू झाला की आमचे बँडमास्तर हात वर करायचे आणि आम्ही दहा जण वाद्यं मांडीवर घेऊन गप्प बसायचो. कोणी नवा गडी मध्येच फुंकला तर मास्तर त्याला सगळ्यांदेखत शिव्या घालायचे. माझे सूर कुठे शिकलो असं कुणी विचारलं तर मी एका उस्तादांचं नाव सांगतो, पण निम्मे तरी मी त्या गप्प बसण्यात शिकलोय.

सोनीआत्याने अर्ज केला तो स्वतःसाठी नव्हता. समितीची एक शिकवणी योजना होती. म्हाताऱ्या कलावंताने वर्षभर कुणाला तरी आपली कला शिकवायची, आणि शिकणाऱ्याला त्या वर्षाचं काहीतरी विद्यावेतन मिळायचं. आत्याची शिष्या म्हणजे वनिता, तिच्या भावकीतली सून, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाणारी. गळा चांगला, आठवण त्याहून चांगली. पण बारा तासांची पाळी करून आलेली बाई शिकणार कधी? आत्याचं गणित सरळ होतं. विद्यावेतन मिळालं तर वनिता वर्षभर पाळी सोडेल, वर्षभरात सगळे धवले तिच्या गळ्यात बसतील. आत्याला दम लागायला लागला होता. एक वर्ष पुरेल, एवढा दम आहे, असं ती म्हणाली होती.

सादरीकरण शहापूरला, एका शाळेच्या हॉलमध्ये, आषाढात. आत्या आणि वनिता दोन एसट्या बदलून आल्या. त्यांच्या आधी एक सांस्कृतिक मंडळ होतं. भाड्याच्या नऊवाऱ्या, नथी, खांद्यावर सोनेरी पट्टे. त्यांनी 'पारंपरिक धवला' म्हणून जे म्हटलं त्याची चाल सिनेमातली होती आणि मध्ये मुलगी वाचवण्याचा संदेश होता. सगळ्यांनी वेशभूषेला पूर्ण गुण दिले. मग आत्याचा पुकारा झाला.

ती पुढे आली, हॉलभर नजर फिरवली आणि मला म्हणाली, "सुदाम, नवरा-नवरी कुठं हाईत?"

सचिव म्हणाले, "आजी, इथं लग्न नाही. तुम्ही नुसतं गाऊन दाखवा."

"लगीन नाय तं धवला कसा गाऊ?"

"समजा लग्न आहे."

"समजा कसं? धवला म्हटला का लगीन लागलंच, साहेब. कुनाचं लावू?"

सचिव काही वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं आपण मदत करतोय. त्यांनी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायला लावल्या आणि ऑफिसच्या शिपायाला आणि कारकून बाईंना हसत हसत त्यावर बसवलं. हॉलमध्ये हशा. आत्याने त्या कारकून बाईंच्या गळ्याकडे बघितलं.

"हिच्या गल्यात मंगलसूत्र हाय," ती म्हणाली. "हिला दुसऱ्यांदा देऊ?"

मग तिने सूप उचललं, वनिताला म्हणाली, "चल गो," आणि दोघी निघून गेल्या. सूप, तांदूळ, दिवा, सगळं ती घरून घेऊन आली होती. गुणपत्रकावर सचिवांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सादरीकरण केले नाही.' खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही आहे. ज्या सदस्याने वीस वर्षं मांडवात गप्प बसून धवला ऐकलाय, त्या एकट्याला तिथे बोलता आलं असतं. सांगता आलं असतं की ही बाई हट्ट करत नाहीये, ती तिचं काम नीट करतेय. डॉक्टरला तुम्ही आजारी नसलेल्या माणसाला कापून दाखव म्हणता का? हे सगळं मला एसटीत बसल्यावर सुचलं.

पुढल्या वर्षी अध्यक्ष झाल्यावर मी पहिलं काम तेच काढलं. ठराव मांडला: जी कला जिथे घडते तिथे जाऊन समितीने ती बघावी. केवढा गहजब झाला. एकाने विचारलं, मुखवटे घालून सोंगं नाचवतात तो बोहाडा रात्रभर चालतो, आम्ही रात्रभर बसायचं का? मी म्हटलं, बसायचं. एकाने विचारलं, मयताची गाणी असतात त्यांचं काय? तर म्हटलं, कुणाला तरी मरण येईपर्यंत थांबायचं, कलावंतही सहा महिने तुमच्या पत्राची वाट बघतोच की. ठराव पास झाला. मला फार मोठेपणा वाटला. घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

माघातल्या एका लग्नाला मी सचिवांना आणि दोन सदस्यांना घेऊन आत्याच्या गावाकडे गेलो. नवरा-नवरी खरे, दिवा खरा. आत्याने ओळ उचलली, वनिताने मागून धरली, आणि मांडव गप्प झाला. नवरीच्या बापाचं नाव धवल्यात आलं तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहिला. सचिवांनी मोबाइल खिशात ठेवला. जेवताना ते मला म्हणाले, "अध्यक्षसाहेब, हे जतन झालं पाहिजे." त्यांचे डोळे ओले होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला तो माणूस आवडला.

आणि तिथेच घात झाला. परत आल्यावर कळलं की शिकवणी योजनेला त्या वर्षी तरतूद नाही, पण 'ध्वनिमुद्रण व जतन' नावाच्या सदराला आहे, आणि ती मार्चच्या आत वापरली नाही तर परत जाते. सचिव म्हणाले, आत्ता मंजुरी घेऊन ठेवू, मुद्रण लग्नसराईत करू. यंदा ध्वनिमुद्रण, पुढल्या वर्षी शिकवणी. मला ते शहाणपणाचं वाटलं. मी स्वतः जाऊन आत्याला समजावलं.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"वनिताला ऐकून ऐकून शिकता येईल. तुझा दम वाचेल."

"ऐकून येतं व्हय? चुकलं तं तो डबा सांगंल का तिला?"

"आत्या, एवढं कर. पुढल्या साली तुझ्या मनासारखं करतो."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. अट एकच घातली, खऱ्या लग्नात गाईन. वैशाखात शेजारच्या गावात नीलेश आणि प्रियांका या दोघांचं लग्न होतं. ठाण्याहून मुद्रण करणारी माणसं आली, मांडवात माइक लावले, आणि आत्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे धवले गायले. शेवटाला तिला इतका दम लागला की वनिताने दोन धवले जवळजवळ एकटीने ओढून नेले. मुद्रण मात्र उत्तम झालं. छान मुखपृष्ठ झालं, त्यावर सुपाचं चित्र, आत अध्यक्षांचं मनोगत. मनोगत मी तीनदा लिहून काढलं होतं.

पुढल्या वर्षी मी शिकवणीचा प्रस्ताव पाठवला. तो परत आला. शेरा असा होता: 'सदर कला ध्वनिमुद्रणाद्वारे जतन झालेली असल्याने स्वतंत्र प्रशिक्षणाची आवश्यकता दिसून येत नाही.' मी तो कागद घेऊन ठाण्याला गेलो, तिथून मुंबईला गेलो. प्रत्येक टेबलावर मला कौतुकाने सांगण्यात आलं की तुमच्या समितीचं काम आदर्श आहे, बाकीच्यांना आम्ही तुमचं उदाहरण देतो. एका साहेबांनी तर मोबाइलवर आत्याचा आवाज लावून मलाच ऐकवला. त्यांना मी म्हटलं, ही बाई जिवंत आहे, तिला शिकवायचंय. ते म्हणाले, "हो, पण आता घाई नाही ना!" मी चाळीस वर्षांत कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी दोन्ही हात खिशात घालून ठेवले.

वनिता मुद्रणासाठी पंधरा दिवस कामावर खाडे करून बसली होती. ती तेव्हाच पाळीवर परत गेली होती. मी नकार आल्याचं सांगायला गेलो तर म्हणाली, "जाऊ दे भाऊ, तुमी तरी काय करनार?" हे तिने रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ते मुद्रण सरकारी संकेतस्थळावर होतं. तिथून ते कुणीतरी उतरवलं, आणि एका साऊंडवाल्याकडून दुसऱ्याकडे गेलं. दोन लग्नसराया गेल्या आणि मुरबाडपासून शहापूरपर्यंत आत्याला बोलावणं यायचं बंद झालं. हॉलच्या पॅकेजमध्ये आता 'पारंपरिक धवला' असतो. साऊंडवाला बटण दाबतो आणि सोनीआत्याचा आवाज येतो. लग्न कुणाचंही असो, त्यात ती नीलेश आणि प्रियांकाची नावं घेते, नीलेशच्या मामाचं घेते, प्रियांकाच्या गावाचं घेते. साऊंड एवढा मोठा की नावं कुणाला लक्षात येत नाहीत. ज्या बायकांच्या लक्षात येतात त्या एकमेकींकडे बघतात आणि जेवायला उठतात. मी सचिवांना हे सांगितलं, तर ते म्हणाले नावांची जागा कापून घेता येईल का ते तांत्रिक विभागाला विचारतो.

यंदा माझ्या पुतणीचं, ऋतुजाचं लग्न झालं, मुरबाडच्या एका हॉलमध्ये, भर दुपारच्या मुहूर्ताला. मी भावाला म्हटलं, सोनीआत्याला धवल्याला बोलावू. भाऊ म्हणाला, "आता तिला दम कुठं हाय? आनि साऊंडवाल्याकडं हाय की, तूच केलेला." आत्याला पाहुणी म्हणून आमंत्रण दिलं, गाडी पाठवून आणलं, पुढच्या रांगेत बसवलं. आदर केला म्हणायचा.

नवरा-नवरी पाटावर बसले आणि साऊंडवाल्याने बटण दाबलं. हॉलभर आत्याचा आवाज. आत्या पुढच्या रांगेत बसून स्वतःलाच ऐकत होती. आधी तिला कळलंच नाही की हे काय चाललंय. मग नाव आलं, नीलेश. आमचा नवरदेव अक्षय. आत्याने मान वळवून मला शोधलं.

"सुदाम," ती म्हणाली, "ते बंद कर. आपल्या पोरीला त्या नीलेशच्या घरात कशाला ढकलतोस?"

मी जाऊन बंद केलं. हॉल शांत झाला. आत्या उठली, कुणाचा तरी हात धरून पाटापर्यंत गेली आणि समोर खाली बसली. दिवा नव्हता, सूप नव्हतं. तिने ऋतुजाकडे नीट बघितलं, अक्षयला त्याच्या आईचं नाव विचारलं, मामाचं विचारलं, गाव विचारलं, आणि ओळ उचलली. आवाज चिरका झाला होता, पण ओळ सरळ होती. ऋतुजाचं नाव आलं तेव्हा तिच्या आईने पदर तोंडाला लावला. एक धवला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला आत्याने ओळ टाकली आणि श्वासासाठी थांबली. ती ओळ मागून धरायला कुणीच नव्हतं. वनिता त्या वेळी पाळीवर होती. हॉलमध्ये दोन-तीनशे बायका होत्या, त्यातल्या निम्म्या साठीच्या पुढच्या, पण एकीलाही पुढची ओळ येत नव्हती. मला चाल येते, ओळी येत नाहीत. आत्याने पुन्हा तीच ओळ टाकली. पुन्हा थांबली. तिचे खांदे वरखाली व्हायला लागले.

साऊंडवाला भला माणूस. म्हातारीची फजिती होतेय, असं त्याला वाटलं. त्याने बरोबर तो धवला शोधला आणि बटण दाबलं. सहा स्पीकरांतून आत्याचा जुना आवाज आला, पुरा, भरलेला, मागून वनिताचा, आणि त्यांनी ऋतुजाच्या कपाळी प्रियांका आणि नीलेश ही नावं लावली. मी धावत स्टेजवर गेलो, माइक हिसकावला आणि प्रत्येक नावाच्या वेळी त्यात ओरडत राहिलो. प्रियांका आलं की ऋतुजा. नीलेश आलं की अक्षय. नीलेशच्या मामाचं आलं की अक्षयच्या मामाचं. लोकांना वाटलं अध्यक्षांना काहीतरी झालं. आत्या खाली बसून माझ्याकडे बघत होती.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. अक्षयची आई जुन्या वळणाची, तिला चैन पडेना. ती आत्याशेजारी येऊन बसली आणि हळूच विचारलं, "आजी, लगीन नीट लागलं ना ओ माझ्या पोराचं?"

आत्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"माझ्यानं दोन धवले झाले," ती म्हणाली. "बाकीचं या अध्यक्षांनी लावलंय. त्यांना इचार."

ती बाई माझ्याकडे वळली. खरंच विचारत होती ती, उत्तरासाठी थांबली होती. मी पानाचा विडा तिच्यापुढे केला आणि जेवण व्यवस्थित झालं का, म्हणून विचारलं.